एकांतरा: म्हापशाजवळच्या एका तापाचा उलटा हिशेब

१३ जूनच्या सकाळी भाऊ दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या हातात रक्ताचा अहवाल होता आणि वहिनींच्या पिशवीत पपईच्या पानांच्या रसाची बाटली. अहवालात प्लेटलेट ५८ हजार. त्यामुळे घरात, वाड्यावर आणि भजनी मंडळात निदान आधीच होऊन गेलं होतं: डेंगी. माझ्याकडून फक्त शिक्का हवा होता.

ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय असे काही तपशील मी बदलले आहेत. तारखांमधली अंतरं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण हे प्रकरण उलगडलं ते त्या अंतरांमुळेच.

भाऊ बावन्न वर्षांचे, पतसंस्थेत कारकून, संध्याकाळी भजनात पखवाज. म्हापशापासून थोडं आत त्यांचं कौलारू घर. मागे माड, चार पोफळी, एक विहीर आणि तिच्याशेजारी माडांना पाणी सोडायला वडिलांनी बांधलेली सिमेंटची टाकी. कुंपणापलीकडे वर्षभरापासून चार मजली इमारत उठत होती. गोव्याच्या बार्देश तालुक्यात आता हे दृश्य कुठेही दिसतं.

ताप १० जूनच्या संध्याकाळी सुरू झाला. पहिले दोन दिवस तो धड चढत नव्हता आणि धड उतरतही नव्हता. अंग मोडून आलेलं, डोकं जड. १२ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास थंडी भरली. "तीन गोधड्या घातल्या डॉक्टर, तरी खाट वाजत होती," वहिनी म्हणाल्या. तासाभराने थंडी गेली आणि अंग तव्यासारखं तापलं. संध्याकाळी एवढा घाम आला की बनियन पिळून काढावी लागली, आणि मग भाऊ गाढ झोपले. सकाळी उठले ते ठणठणीत. "मी आज बरा आहे, हिच्या आग्रहाखातर आलो," असं त्यांनी खुर्चीवर बसताबसताच सांगून टाकलं.

आज बरं वाटणं हेच मला खटकलं. डेंगीचा ताप असा भरतीओहोटीसारखा वागत नाही. तपासताना डाव्या बरगडीखाली पाणथरीची, म्हणजे प्लीहेची, कड बोटाला लागली, डोळ्यांत किंचित पिवळसर झाक होती. प्लेटलेट डेंगीत घसरतात तशा मलेरियातही घसरतात, आणि आकडा अगदी असाच दिसू शकतो. पपईच्या रसाशी माझं भांडण नाही. पण त्या बाटलीपायी रक्ताचा थेंब काचपट्टीवर जायला दोन दिवस उशीर झाला, हे खरं.

डेंगीची चाचणी नकारात्मक आली. मलेरियासाठी रक्ताचे दोन लेप घेतले, एक जाड आणि एक पातळ. जाड लेपात जास्त रक्त मावतं, म्हणून परजीवी आहे की नाही ते तिथे शोधायचं. पातळ लेपात तांबड्या पेशी शाबूत राहतात, म्हणून तो कुठल्या जातीचा ते तिथे ओळखायचं. अर्ध्या तासात तंत्रज्ञाने हाक मारली. सूक्ष्मदर्शकाखाली काही तांबड्या पेशी शेजारणींपेक्षा फुगलेल्या दिसत होत्या, त्यांच्यावर बारीक ठिपके होते आणि आत वेडावाकडा पसरलेला परजीवी. प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स. त्याच लेपात परजीवीची नर-मादी रूपंही होती. म्हणजे त्या घडीला भाऊंना डास चावला असता, तर भाऊंकडून तो मलेरिया घेऊन गेला असता.

मलेरियाला आपण हिवताप म्हणतो, त्यात हीव आधी आणि ताप नंतर. एक दिवस सोडून येणाऱ्या तापाला जुनी माणसं एकांतरा म्हणत. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, पण परजीवीचं घड्याळ त्यांनी अचूक ऐकलं होतं. व्हायव्हॅक्स तांबड्या पेशीत शिरतो, आतलं हिमोग्लोबिन खातो, वाढतो, एकाचे बारा-चोवीस होतात आणि ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. अशा लाखो पेशी एकाच सुमारास फुटल्या की परजीवीचा कचरा रक्तात उतरतो. तो पाहून आपल्याच संरक्षक पेशी धोक्याची रसायनं सोडतात, आणि मेंदूतलं तापमानाचं केंद्र आपली पातळी वर सरकवतं. शरीर ३७ अंशांवर असतं आणि केंद्राला हवे असतात ४०, म्हणून स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. खाट वाजते ती यामुळे. पहिले एकदोन दिवस परजीवींच्या टोळ्या वेगवेगळ्या वेळी फुटत असतात, त्यामुळे ताप रोज आणि बेशिस्त असतो. 'आमच्या तापाला कुठे पाळी आहे?' असं म्हणून मलेरिया बाजूला टाकणारे, डॉक्टरांसकट, इथेच फसतात.

पाणथरी सुजते कारण बाधित पेशी गाळून काढायचं काम तिचं. त्या ओघात ती चांगल्या पेशीही तोडते आणि प्लेटलेटही अडकवून ठेवते. फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनपासून पिवळा रंग बनतो, तो डोळ्यांत उतरतो. भाऊंचं हिमोग्लोबिन ११ वर आलं होतं, यात आश्चर्य काही नव्हतं.

भाऊंचं नशीब एका बाबतीत चांगलं. व्हायव्हॅक्सला कोवळ्या तांबड्या पेशीच लागतात, आणि त्या रक्तात शंभरात एकदोनच असतात. त्यामुळे त्याच्या वाढीला आपोआप लगाम बसतो. मलेरियाची दुसरी जात फाल्सिपेरम, तिच्या परजीवीला असा चोखंदळपणा नाही, तो कुठल्याही वयाच्या पेशीत घुसतो. शिवाय त्याने बाधित केलेली पेशी चिकट होते आणि पाणथरीत जायचं टाळून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसते. या वाहिन्या मेंदूतल्या असतील तर माणूस बरळू लागतो, झटके येतात, बेशुद्ध पडतो. मूत्रपिंडं बंद पडू शकतात, रक्तातली साखर खाली जाते, गर्भवतीच्या वारेत परजीवी साठून बाळ अशक्त जन्मतं. पहिल्या तापापासून अशी अवस्था यायला कधी कधी दोनचार दिवस पुरतात. म्हणून गोव्यात व्हायव्हॅक्सच जास्त भेटत असला तरी जात कोणती, हे पाहिल्याशिवाय मी कोणाला घरी पाठवत नाही. व्हायव्हॅक्सही दर वेळी सौम्यच वागेल, असं नाही.

भाऊंना क्लोरोक्विन तीन दिवस: चार गोळ्या, चार, मग दोन. आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. प्रायमाक्विनआधी जी-६-पीडी नावाच्या विकराची तपासणी केली. ते कमी असेल तर याच औषधाने तांबड्या पेशी भराभर फुटतात. अहवाल ठीक होता. तरीही सांगितलं, लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी बंद आणि सरळ इकडे. हे मी नीट सांगितलं. दुसरी एक गोष्ट मात्र नीट सांगितली नाही, ती पुढे येईल.

मलेरियाचा रुग्ण सापडला की आरोग्य केंद्राला कळवायचं असतं, तसं कळवलं. दोन दिवसांनी तिथल्या ताई आणि एक फील्डवर्कर भाऊंच्या घरी गेले. दवाखाना बंद करून संध्याकाळी मीही गेलो. खरं तर माझं काम नव्हतं ते, पण वाड्यावर वातावरण तापलं होतं. दोन मतं होती. एक, पाऊस आला, मलेरिया आला. दुसरं, इमारतीवरच्या परप्रांतीय कामगारांनी आणला. शिवाय बुधवारी भाऊंच्या ताटात जेवलेला झांजवाला घाबरून माझ्याकडे रक्त तपासायला येऊन गेला होता. त्याला सांगितलं, मलेरिया ताटातून, खोकल्यातून, स्पर्शातून येत नाही. माणसाच्या रक्तातून डासात आणि डासातून माणसाच्या रक्तात, ही त्याची वाट.

ताईंनी पहिल्यांदा मागितलं ते भिंतीवरचं कॅलेंडर. वहिनींच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे होते, गॅस सिलिंडरची तारीख होती, आणि एप्रिल-मेच्या पानांवर बारीक अक्षरांत आणखी काही. ताईंनी १० जूनवर बोट ठेवलं आणि मागे मोजायला घेतलं.

बाधित डास चावला की सुईसारखी बारीक परजीवी रूपं तासाभराच्या आत यकृतात पोचतात. डास सोडतो ती फार तर काही डझन. यकृताच्या पेशींत आठवडाभर त्यांची हजारोंनी वाढ होते आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. मग रक्तात काही फेऱ्या, आणि मग ताप. व्हायव्हॅक्समध्ये चावा ते ताप साधारण दोन आठवडे. म्हणजे भाऊंना डास चावला २७ मेच्या आसपास. तो डास त्या दिवशी चावायला तयार होता, म्हणजे त्याआधी दहा-अकरा दिवस त्याने परजीवी पोटात पिकवला होता. डासाच्या जठरात नर-मादी रूपांचं मीलन होतं, जठराच्या भिंतीवर फोड येतात आणि त्यांतून नवी रूपं निघून लाळग्रंथीत पोचतात. आपल्या उकाड्यात याला एवढेच दिवस लागतात. ही आली १६ मे. त्या सुमारास त्या मादीने, कारण रक्त फक्त मादीच पिते, कोणातरी बाधित माणसाला चावलेलं असणार. तिची स्वतःची अंड्यापासून पंखांपर्यंतची वाढ आठदहा दिवसांची. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात तिच्यासाठी साठलेलं पाणी इथेच कुठेतरी होतं, कारण ही जात सहसा दूर उडत नाही.

पाऊस आला ७ जूनला.

पावसाने मलेरिया आणला हे मत तिथेच संपलं. पावसाचा संबंध नाही असं नव्हे. पण डबक्यांइतकीच हवेतली आर्द्रताही इथे महत्त्वाची. अशा हवेत डास जास्त दिवस जगतो. बहुतेक माद्या दहा-अकरा दिवस पुरे करण्याआधीच मरतात, जी जगते ती धोक्याची. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यातच हवा एवढी दमट असते की तिला आणखी कशाची वाट पाहावी लागत नाही. उलट जुलैचा धो धो पाऊस पुष्कळ अळ्या वाहून नेतो.

मग शोध पाण्याचा. फील्डवर्कर "बांय दाखयात" (विहीर दाखवा) म्हणत परसात शिरला, हातात डबा आणि विजेरी. शेजारचे गृहस्थ त्याला आग्रहाने रस्त्याकडेच्या गटाराकडे घेऊन गेले. त्या गटाराबद्दल त्यांनी पंचायतीला तीन अर्ज केले होते. गटारात अळ्या होत्या, पण पाण्याला तिरक्या, डोकं खाली करून लटकलेल्या. त्या क्युलेक्सच्या. चावून हैराण करतात, मलेरिया देत नाहीत. मलेरिया देतो तो ॲनॉफिलिस. त्याच्या अळीला श्वासाची नळी नसते, म्हणून ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी सिमेंटने गढूळ झालेलं, तिथे काही नाही. दोन पिंपांत थोड्या आडव्या अळ्या मिळाल्या. आणि भाऊंच्या परसातल्या टाकीत डबा बुडवला तर एका डब्यात वीसेक.

टाकी वर्षानुवर्षं कोरडी असायची. पण एप्रिलच्या पानावर वहिनींची नोंद होती: "२८ – टाकी भरली, आगाऊ पैसे मिळाले." मेच्या पानावर: "२ – स्लॅब." कंत्राटदाराला स्लॅबवर आळी करून पाणी तुंबवायला पाणी हवं होतं, भाऊंनी विहिरीचं पाणी टाकीतून दिलं, पंप आणि नळी कंत्राटदाराची. स्लॅबचं काम झालं, नळी गेली, टाकी अर्धी भरलेली तशीच राहिली. स्वच्छ, सावलीतलं, न हलणारं पाणी. ॲनॉफिलिस स्टीफेन्साय या शहरी जातीला याहून काही नको. आणि मेच्या उकाड्यात भाऊ मच्छरदाणीशिवाय झोपत होते मागच्या पडवीत, टाकीपासून पंधरा पावलांवर.

कोणी काही बोललं नाही. वहिनींनी कॅलेंडर परत भिंतीवर लावलं.

मलेरिया गोव्याला नवा नाही, आणि हा डासही नाही. जुन्या गोव्याची राजधानी ओस पडली त्यामागे ज्या साथी सांगतात त्यांत मलेरियाचंही नाव येतं. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पण ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत मलेरियाने पुन्हा डोकं वर काढलं ते दलदलीमुळे नव्हे. विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामं ही त्यामागची कारणं. म्हणूनच बांधकाम कामगारांची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्र गोव्यात कायद्याने आलं. नव्वदच्या दशकात कांदोळीत अळ्या मारणारा जिवाणू आणि अळ्या खाणारा ॲप्लोकाइलस ब्लॉकाय हा इथलाच छोटा मासा यांचे प्रयोग झाले, ते याच डासावर. हाच डास आता समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचला आहे. २०१२ मध्ये जिबूतीत आणि २०१६ मध्ये इथिओपियात त्याची नोंद झाली. शहरात वाढणारा मलेरियाचा डास तिकडच्या लोकांच्या सवयीचा नव्हता.

भाऊंच्या टाकीत गप्पी मासे सोडले. गाळ इतका होता की त्या दिवशी ती उपसणं जमेना. नात रोज मूठभर भात टाकू लागली, तेव्हा ताईंनी तिला समजावलं, माशांचं पोट भाताने भरलं तर अळ्या कोण खाणार?

१८ जूनपर्यंत भाऊ पूर्ण बरे होते. प्लेटलेट न भरताच वर आल्या. मी त्यांना यादीतून मनातल्या मनात काढून टाकलं.

मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. आदल्या संध्याकाळी भाऊ स्टुलावर उभे राहून माटोळीला, गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवतात त्या चौकटीला, नारळाची पेंड बांधत होते. हात थरथरू लागला, पेंड खाली आली. या वेळी वहिनींना कोणाला विचारावं लागलं नाही. त्यांनी गोधड्या काढल्या आणि मला फोन केला. "तोच आहे," एवढंच म्हणाल्या. तोच होता. लेपात व्हायव्हॅक्स, पहिल्या तापापासून ७५ दिवसांनी.

वाड्यावर पुन्हा डासांचा शोध सुरू झाला. टाकीत अळी नाही, पिंपं उलटी केलेली, जूननंतर आसपास नवा रुग्ण नाही. मी भाऊंना विचारलं, "चौदा दिवसांच्या गोळ्या संपवल्या होत्या ना?" भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी फडताळातून माझंच पाकीट आणून टेबलावर ठेवलं. त्यात आठ दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या होत्या.

सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घ्यायचे. पोटात मुरडा यायचा. ताप तर गेलाच होता, मग सहाव्या दिवशी सोडल्या. भाऊंचं यात फारसं चुकलं असं मला वाटत नाही. क्लोरोक्विनने ताप जातो, प्रायमाक्विनने काय जातं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. गोळ्या जेवल्यावर घ्या, हेही घाईत राहिलं. दोन्ही औषधं मी एकाच पाकिटात घालून दिली होती, जणू दोन्हींचं काम एकच.

व्हायव्हॅक्सची काही रूपं यकृतात पोचल्यावर वाढतच नाहीत, झोपून राहतात. आठवडे, महिने, कधी वर्षही. रक्तात ती नसतात, त्यामुळे कुठल्या लेपात दिसत नाहीत, आणि क्लोरोक्विन त्यांना हात लावत नाही. बरा झालेला रुग्ण पुन्हा का तापतो हे कोडं डॉक्टरांना फार जुनं होतं, पण ही झोपलेली रूपं प्रत्यक्ष ओळखली गेली ती १९८० मध्ये. त्यांच्यापर्यंत पोचतं ते प्रायमाक्विन, आणि तेही पुरते दिवस घेतलं तर. भाऊंच्या दुसऱ्या तापाला बहुधा नवा डास लागलाच नव्हता. २७ मेच्या त्याच चाव्याने आणलेली ती रूपं होती, चवथीपर्यंत यकृतात निजलेली. नवा चावा नव्हताच, असं शपथेवर मी सांगू शकत नाही, नुसता लेप पाहून ते कळत नाही. पण उरलेल्या आठ दिवसांच्या गोळ्या समोर असताना मी तरी दुसरीकडे शोधणार नाही.

या वेळी क्लोरोक्विन पुन्हा दिलं आणि प्रायमाक्विन पहिल्या दिवसापासून मोजून दुपारच्या जेवणानंतर. वहिनींनी कॅलेंडर काढलं. रोज गोळी पोटात गेली की तारखेवर फुली. मूर्तीचं विसर्जन झालं, माटोळी उतरली, फुल्या चालूच राहिल्या. चौदावी फुली मारून झाल्यावर त्यांनी त्या पानाचा फोटो मला पाठवला. डिसेंबरात आणि मार्चमध्ये घेतलेले लेप स्वच्छ होते.

दुसऱ्या मताचं काय झालं ते राहिलं. जूनमध्येच ताईंनी इमारतीवरच्या सगळ्या कामगारांचं रक्त घेतलं होतं. एकाच्या लेपात व्हायव्हॅक्स सापडला. विशीतला मुलगा, एप्रिलमध्ये झारखंडहून आलेला, ताप नाही, रोज विटा वाहतो. मलेरियाच्या भागात वाढलेल्यांच्या शरीराला परजीवीची थोडी सवय होते, रक्तात असला तरी तो खाली पाडत नाही. वाड्याला हवा होता तो माणूस मिळाला. पण त्याने आणला, की त्याच टाकीच्या डासाने त्यालाही इथेच दिला, की घरून आणलेली झोपलेली रूपं इथे येऊन जागी झाली, हे त्या एका लेपावरून ठरत नाही. ताईंनी त्याला भाऊंना दिल्या होत्या तशाच गोळ्या दिल्या, तेवढ्याच दिवसांच्या, आणि रोज संध्याकाळी समोर उभं राहून गिळायला लावल्या.

आठव्या दिवशी त्या गेल्या तेव्हा पत्र्याची खोली रिकामी होती. कंत्राटदाराने चार जणांना दुसऱ्या साइटवर हलवलं होतं, तिसवाडीत कुठेतरी. ताईंनी फोन लावला, तो लागला नाही. पुढच्या आरोग्य केंद्राला कळवायला त्यांनी त्याचा नंबर वहीत लिहून ठेवला, त्याच्यापुढे सात फुल्या आणि सात रिकामे चौकोन.